नाव सांगू नकोस

हाक कानावर पडणं आणि मान वळणं या दोहोंमध्ये एक फट असते. सुमतीबाई गायधनी नववीच्या मुलींना ही फट मोजायला शिकवायच्या. एकीनं लाकडी पट्टी वर धरून अचानक सोडायची, दुसरीनं खाली अंगठा आणि बोट तयार ठेवून ती पकडायची, आणि पकडेपर्यंत पट्टी किती घसरली ते वाचायचं. चपळ मुलींची पट्टी थोडी घसरे, पेंगणाऱ्यांची बरीच. पण न घसरता कुणाच्याच हातात थांबत नसे, आणि हेच त्यांना मुलींच्या मनावर ठसवायचं असे. तेव्हा शिवणाच्या दुकानात "साधना" अशी हाक मारली की मशीनवरची बाई जरा उशिरानं वर बघते, एवढ्यावरून काही ठरवायचं कारण नव्हतं. मशीनचा आवाज असे. शिवण अर्ध्यात सोडता येत नसे. सुमतीबाईंनी ही फट पहिल्या दिवसापासून पाहिली होती, तिला अशी साधी कारणं दिली होती आणि मग ती पाहणंही सोडलं होतं. पण त्या दिवशी उन्हं कलताना मशीन तसंच घरघरत होतं, कापड तसंच सुईखाली होतं, आणि दारातून कुणीतरी "नवसे" म्हणालं. त्या बाईची मान अशी वळली, की हाक संपायच्या आतच ती दाराकडे बघून हसत होती. पट्टी घसरलीच नव्हती.

दारात चाळिशीकडे झुकलेली एक बाई उभी होती. अंगात सुती पंजाबी ड्रेस, गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी, ते काढायचं राहून गेलेलं. "नवसे, झाला का गं ब्लाउज? उद्या हळद आहे, आणि माझ्या अंगात घालायला काही नाही."

"झालाय. चपला काढ आधी, आत्ता फरशी पुसलीय."

"ही बघा गिऱ्हाइकाशी बोलायची रीत."

"गिऱ्हाईक चार दिवस आधी येतं. तू हळदीच्या आदल्या दिवशी उगवतेस."

सुमतीबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मापाचा जुना ब्लाउज. आलेल्या बाईची नजर त्यांच्यावर गेली आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. ती वाकली, पायांना हात लावला आणि उठता उठता म्हणाली, "बाई, ओळखलंत? मी साधना. साधना कापसे. नववी ब." आशीर्वादासाठी उचललेला सुमतीबाईंचा हात हवेतच राहिला. त्यांनी मशीनवरच्या बाईकडे पाहिलं. जिला त्या गेली चार वर्षं साधना म्हणत होत्या, ती खाली मान घालून दोरा तोडत होती. तिनं दोरा तोडला, कापड बाजूला सारलं आणि अगदी सहज आवाजात म्हणाली, "बाईंना ठाऊक आहे. मघाशीच सांगितलं मी, साधना येणार आहे म्हणून. हो ना बाई?" तिनं असं काहीही सांगितलेलं नव्हतं. मघाशी त्या दोघी अस्तराच्या रंगाबद्दल बोलत होत्या. सुमतीबाई म्हणाल्या, "हो. म्हणाली ना ही." ही. एवढाच शब्द त्यांना हिच्यासाठी उरला होता.

हिची पहिली भेट त्यांना नीट आठवत होती. निदान इतके दिवस त्यांना तसं वाटत होतं. नोकरीतून निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली होती. त्या वर्षांमध्ये त्यांना एक सवय लागली होती, आणि ती सवय चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. बँकेत, भाजीत, डॉक्टरांच्या बाकावर, ठरावीक वयाची बाई दिसली की त्या तिच्या चेहऱ्यात शाळा शोधत. आपली असली तर विचारत: काय करतेस, कुठे असतेस, पुढे काय शिकलीस. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असे. जन्मभर त्यांनी प्रयोग मांडले होते आणि निरीक्षण लिहायच्या आतच घंटा झाली होती. मुली दहावीतून निघून जात, आणि द्रवाचा रंग पुढे बदलला की नाही हे कधी कळत नसे. लग्न त्यांनी केलं नव्हतं. पंडित कॉलनीतल्या दोन खोल्यांत त्या एकट्या होत्या, आणि दुपारी पडल्या पडल्या त्या मुली आठवत: एक मुंबईला भूलतज्ज्ञ, एक आयआयटीत, एक अमेरिकेत कुठल्याशा औषधांच्या कंपनीत. तीच तीच नावं फिरून येत. ज्यांचं काही कळलं नव्हतं त्यांच्यापेक्षा ज्यांचं चांगलं कळलं होतं त्याच जास्त आठवतात, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. अशाच एका दुपारी अशोकस्तंभाच्या मागच्या गल्लीत 'सृष्टी लेडीज टेलर्स' अशी पाटी दिसली म्हणून त्या ब्लाउजपीस घेऊन आत गेल्या, आणि मशीनवरची बाई ताडकन उठून उभी राहिली. वर्गात बाई आल्यावर उभं राहतात तशी. "बाई, मला ओळखलंत?" ती म्हणाली आणि पुढे नाव सांगणार, तोच सुमतीबाईंनी बोट वर केलं. "थांब. नाव सांगू नकोस. मी सांगते."

हा त्यांचा खेळ होता. तो त्या नेहमी जिंकत, आणि माजी विद्यार्थिनींनाही तो आवडे. त्यांनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं. रुंद कपाळ, भुवया जवळजवळ जुळलेल्या, खालचा ओठ किंचित दातांखाली. मग नाव आलं, नुसतं आलं नाही, पूर्ण खात्रीनं आलं, आणि त्यासोबत वर्गाच्या खिडकीतला उजेड आणि कसलंसं हसूही आलं. "साधना! साधना कापसे." तिचा ओठ दातांखालून सुटला. मग ती म्हणाली, "हो बाई. किती लक्षात आहे तुमच्या."

तेव्हापासून त्या दर दोन-तीन महिन्यांनी जात. काम नसलं तरी जात. फॉल लावायला, हुक बदलायला. ती चहा मागवी, पंखा त्यांच्याकडे वळवी. तिचं सगळं त्यांना कळत गेलं: नवरा सातपूरला कारखान्यात, मुलगी सृष्टी, जिच्या नावाची पाटी, सासूबाई अंथरुणावर. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत, नवरा आला की "अगं" म्हणे, शेजारच्या दुकानातले "सृष्टीची आई". तिचं लग्नातलं नाव मनीषा, तांदळात लिहून ठेवलेलं, असं ती एकदा हसत म्हणाली होती: "ताटातच राहिलं बाई ते. कुणी हाक मारली नाही." सुमतीबाईंना त्या दिवशी वाटलं होतं, बरं झालं, निदान आपण तरी हिला हिच्या खऱ्या नावानं हाक मारतो. हे त्यांनी तिला बोलूनही दाखवलं होतं. आणि याहून वाईट आणखी एक होतं. त्यांना साधना कापसेचे गुण आठवत होते. विज्ञानात वर्गात पहिली. पाण्याच्या विद्युत अपघटनाचा प्रयोग तिनं एकटीनं मांडला होता. तेव्हा दर भेटीत कधी ना कधी त्यांच्या तोंडून निघे, "तुझ्यासारखी मुलगी, साधना, आणि शिवणात बसली. मला वाईट वाटतं गं. तू कुठल्या कुठे जायची होतीस." बाई टेप गळ्यात टाकून ऐकून घेई. "नाही जमलं बाई," ती म्हणे. कधी म्हणे, "डोकं होतं म्हणता? मला तर कधी वाटलं नाही." सुमतीबाईंना तो विनय वाटे. त्या तिला त्याबद्दलही बोलत.

ब्लाउज पिशवीत घालून साधना, खरी साधना, म्हणाली, "चला बाई, मी सोडते तुम्हाला घरापर्यंत. सिंहस्थासाठी सगळा रस्ता खोदून ठेवलाय, पडाल कुठेतरी." बाहेर मातीचे ढीग होते आणि पाइप आडवे पडले होते. साधनानं त्यांचं कोपर धरलं होतं. ती एकलहऱ्याच्या वीज केंद्रात केमिस्ट होती, बॉयलरच्या पाण्याची तपासणी करायची; तिथल्याच वसाहतीत राहायची. एरवी हे ऐकून सुमतीबाईंना दोन दिवस पुरेल एवढा आनंद झाला असता. त्यांनी "छान" म्हटलं, आणि आपला आवाज कोरडा लागला हे त्यांना कळलं. त्या शेजारून चालणाऱ्या चेहऱ्यात साधना शोधत होत्या आणि ती सापडत नव्हती. गुण होते, प्रयोग होता, काचेच्या नळ्या होत्या, पण त्यांवर जो चेहरा बसवला होता तो मागे दुकानात दोरा तोडत बसला होता.

"बाई, एक विचारू? तुम्ही अजून नवसीला साधनाच म्हणता म्हणे. ती सांगते तेव्हा आम्ही इतक्या हसतो ना."

"हसता?"

"अहो, ते हजेरीचं नाही का. मी चांदवडला मामाकडे लाल कांदा काढायला गेले होते, आईनं पाठवलं होतं. नवसीला सांगून गेले, माझं नाव आलं की हजर म्हण. काकड, कापसे, आमचे नंबर पाठोपाठ. तिनं दोन्हीला हजर म्हटलं आणि तुम्ही पकडलंत." साधना हसायला लागली. "मग तुम्ही म्हणालात, ..."

पुढचं तिनं सांगायची गरज नव्हती. एक वस्तू एकाच वेळी दोन जागा व्यापू शकत नाही. तेव्हा ही जर कापसे असेल, तर काकड वर्गात नाही. मुलींनो, काकड दिसतेय का कुणाला? सुमतीबाईंना ते वाक्य जसंच्या तसं आठवत होतं. शेवटच्या प्रश्नाआधी आपण किती थांबलो होतो, चष्मा कसा नाकावर खाली घेतला होता, आणि मग वर्ग कसा फुटला होता, हेही. ती त्यांची आवडती हकीकत होती. आधी ती त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सांगितली, मग निरोप समारंभात सांगितली, मग कुठे कुठे. शिक्षा म्हणून, साधना परत येईपर्यंत, आठवडाभर, काकड म्हटलं की कुणीही बोलायचं नाही, आणि त्या मोठ्यानं म्हणायच्या, गैरहजर, आणि पटावर तसंच लिहायच्या. मग कापसे म्हटलं की काकडच उठून उभी राहायची आणि म्हणायची, हजर बाई. रोज वर्ग हसायचा. हकीकतीमधून हळूहळू नावं गळून गेली होती आणि 'एक मुलगी' उरली होती. तशीच ती जास्त रंगायची.

रस्त्याच्या कडेला, पाइपापाशी सुमतीबाई थांबल्या. ती हकीकत त्यांनी त्या दुकानातही सांगितली होती. गेल्या वर्षी, बहुधा श्रावणात. कुठल्याशा बोलण्यावरून शाळेतल्या गमती निघाल्या होत्या. स्टुलावर बसून, चष्मा खाली घेऊन, त्याच जागी थांबून. मशीनवरची बाई सगळं ऐकत होती. ती हसलीही होती. मग सुईत दोरा ओवता ओवता तिनं विचारलं होतं, "मग पुढे काय झालं बाई त्या मुलीचं?" आणि त्यांनी सांगितलं होतं, "कोण जाणे. तशा मुली काही लक्षात राहत नाहीत."

"दम लागला का बाई?"

"नाही. खडा रुतला."

"नवसी म्हणते," साधना पुढे सांगत होती, "बाईंनी शिक्षा उठवलीच नाही अजून. उठवत नाहीत तोवर मी साधनाच. नाटकीच आहे ती पहिल्यापासून." मग जरा वेळानं, आवाज उतरवून, ती म्हणाली, "एकाच गोष्टीचं वाईट वाटतं मला. चूक माझी होती ना. ती कधी दांडी मारायची नाही. मखमलाबादहून यायची, पहाटे शेवंती खुडून, टोपल्या फुलबाजारात उतरवून मग शाळा. अभ्यासात बेताचीच, पण हजेरीत तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पूर्ण हजेरीला सव्वीस जानेवारीला बक्षीस असायचं बघा. त्या वर्षी मिळणार म्हणून पुंजाकाका आले होते, तिचे वडील, धुतलेली टोपी घालून. नाव पुकारलंच नाही. काका म्हणाले, चालायचंच, मारली असेल पोरीनं एखाद दिवस बुट्टी. आणि ही गप्प."

"तिनं सांगितलं नाही त्यांना?"

"छे. काय सांगणार? बाईंनी मला दुसरीच केलं होतं म्हणून?" ती पुन्हा हसली. घर आलं होतं. तिनं पुन्हा वाकून नमस्कार केला.

त्यानंतर पुष्कळ दिवस सुमतीबाई त्या गल्लीत गेल्या नाहीत. शिवायला दिलेला ब्लाउज तिथेच राहिला. नवा त्यांनी कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या दुकानात टाकला. तिथे मुलगा काचेच्या काउंटरमागून माप विचारी, घेई नाही, आणि ब्लाउज मुंढ्यात इतका आवळला की फळीवरचा डबा काढायला हात वर जाईना. त्यांनी तो तसाच वापरला. दुपारी पडल्यावर त्या पूर्वीसारख्या मुली आठवायला लागत, पण भूलतज्ज्ञ आणि आयआयटी आता येत नसत. त्या नवसा काकडला आठवण्याचा प्रयत्न करत. आता नाव होतं, गाव होतं, वडील होते, शेवंती होती. सगळी सामग्री टेबलावर मांडलेली होती. तरी मुलगी येत नव्हती. वह्या तपासताना तिचं अक्षर पाहिलं असेल, तोंडी परीक्षेला ती समोर उभी राहिली असेल, तिच्या हाताला फुलांचा वास येत असेल. असेल, असेल. त्यांना दिसे फक्त स्वतःची चष्म्याची काडी, आणि ऐकू येई वर्गाचं हसू, आणि पोटात, इतक्या वर्षांनंतरही, त्या हसण्याचं एक बारीक सुख हले. त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटे. शिक्षा केली, ठीक. शिक्षा सगळेच करत, त्यांनी कधी कुणावर हात उचलला नव्हता. पण ते वाक्य त्यांनी त्या मुलीसाठी म्हटलंच नव्हतं. ते इतर मुलींसाठी होतं. ती नुसती उभी होती, पट्टी सोडायला हात लागतो तशी.

आणि मग दुसरी गोष्ट, जिच्यापाशी त्या सावकाश, आडवळणानं येत. साधनाला वाटत होतं की बाई गंमत करतात. हे तिला नवसानंच सांगितलं होतं. पण नवसाला खरं काय ते ठाऊक होतं, ठाऊक असणारच. बाईंनी तिला साधनाचे गुण सांगितले होते, साधनाच्या हुशारीवरून तिची कीव केली होती, तिचीच फजिती तिला परक्या मुलीची म्हणून ऐकवली होती. इतकी लांब गंमत कुणी करत नाही. म्हणजे तिनं चार वर्षं त्यांचं विसरणं झाकलं होतं, आणि ते मैत्रिणीपुढे उघडं पडू नये म्हणून त्याला गमतीचं अस्तर लावलं होतं, असं की टाका बाहेरून दिसू नये. आता त्यांना फार काही करावं लागणार नव्हतं. एक दिवस दुकानात जाऊन, हसून म्हणायचं, "जा, उठवली शिक्षा. आजपासून तू पुन्हा काकड." तीही हसली असती. चहा आला असता. त्यांची अब्रू जिथल्या तिथे राहिली असती, आणि त्यांच्या उरलेल्या दिवसांत जी एक विद्यार्थिनी त्यांच्याकडे पंखा वळवत होती तीही. ते वाक्य त्यांनी मनात इतक्या वेळा म्हणून पाहिलं की त्यात कुठे थांबायचं तेही ठरून गेलं. ते चांगलंच वाक्य होतं. सगळा वर्ग हसला असता. हे ध्यानात आलं त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा अर्धवट टाकून दिला.

खरं काय ते तिला सांगून टाकलं तर पुष्कळ काही मोडत होतं. 'नाव सांगू नकोस' म्हणणारी बाई मोडत होती. आपल्या सगळ्या मुली आपल्याला आठवतात ही एकच मिळकत त्यांनी शाळेतून बाहेर आणली होती. ती गेली की उरायचं काय. शिवाय खरं ऐकून तिला बरं वाटेल असंही नव्हतं. गमतीत साधना होणं एक, आणि आपण कुणाच्या डोक्यात नव्हतोच हे तोंडावर ऐकणं वेगळं. तिच्यासाठीच बोलू नये, असंही त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. ते फार सोयीचं होतं, म्हणून त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

एका सकाळी फोन वाजला. त्यांनी उचलला तेव्हा पलीकडे मशीनचा आवाज होता.

"बाई, तुमचा ब्लाउज कधीचा तयार आहे. आला नाहीत, म्हटलं तब्येत वगैरे..."

"कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना पहिल्या शब्दालाच कळला होता. तरी त्यांनी विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्यांचे कान तापले.

पलीकडे ती फट आली. या वेळी समोर मान नव्हती, हात नव्हते, फक्त मशीन थांबल्याचा आवाज आणि मग काहीच नाही. सुमतीबाईंनी रिसीव्हर घट्ट धरला. बोल, त्यांना वाटत होतं, तूच बोल, म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

"साधना बोलतेय बाई," ती म्हणाली. "टेलर."

"येते मी," सुमतीबाई म्हणाल्या. "आजच येते."

रस्ता बुजवून झाला होता, वर नवं डांबर होतं. दुकानात ती एकटीच होती. त्यांना पाहून ती उठली, पहिल्या दिवशी उठली होती तशीच, आणि स्टूल पदरानं पुसलं. पण त्या बसल्या नाहीत. तिची नजर त्यांच्या खांद्यावर गेली.

"हा कुणी शिवला?"

"कॉलेज रोडला."

"दिसतंच आहे. मोठ्या दुकानात गेलात होय." तिनं मान हलवली. "आम्ही आपले गल्लीतले. हात वर करा बघू. अजून. जात नाही ना? मुंढा आहे की बेडी? द्या, खोलून देते, जिवंत असेल तर जगवू. सरळ उभ्या राहा आधी, माप घेते नव्यानं. बारीक झालात तुम्ही."

सुमतीबाई दोन्ही हात बाजूला पसरून उभ्या राहिल्या. समोर आरसा होता. त्यात एक म्हातारी बाई हात पसरून उभी होती आणि पुढे जे होईल त्याची वाट बघत होती. वर्गात त्यांनी मुलींना असं कितीदा उभं केलं असेल. ती मागे होती. टेप पाठीवरून गेला, खांद्यापाशी बोटानं दाबला गेला, तिथून बाहीवर उतरला. आवळलेल्या शिवणीवर खुणेला टोचायला तिनं टाचण्या काढून ओठांत धरल्या होत्या. तिच्या हाताला मशीनच्या तेलाचा वास येत होता. सुमतीबाईंनी तो ओढून घेतला, लक्षात ठेवायचा म्हणून. मनात ते चांगलं वाक्य तयार उभं होतं, हसूसकट. जा, उठवली शिक्षा. त्यांनी ते येऊ दिलं, आणि ओठांपाशी आलं तेव्हा तिथेच थोपवलं.

"काकड नवसा पुंजा," त्या म्हणाल्या.

हजेरीचा आवाज नव्हता तो. तसा आता त्यांच्यापाशी राहिला नव्हता. आरशात तिची मान वर आली होती. फट नव्हती. ओठांत टाचण्या होत्या म्हणून तिला बोलता येत नव्हतं, आणि ती त्या काढायला हात उचलणार, तसं सुमतीबाईंनी मागे न वळता बोट वर केलं.

"थांब. मला बोलू दे, नाहीतर तू परत मला सांभाळून घेशील." पसरलेले हात त्यांनी खाली घेतले नाहीत. "त्या आठवड्यात तू रोज हजर होतीस. खोटं मी लिहिलं. वडिलांना सांगायला मी यायला हवं होतं. आणि साधनाला तू जे सांगतेस ना, ते खरं नाही. मी गंमत करत नव्हते, नवसा. मी तुला विसरले होते."